शहरात तीस की पन्नास? मागचा हॉर्न मारतो त्याचं काय?

सांतिनेजकर
मंडळी, आमच्या घरात यावरून दोन तट पडलेत, म्हणून धागा काढतोय.

मी पणजीच्या आत गाडी तीस-पस्तीसनेच चालवतो. १८ जून रस्ता असो, सांतिनेज असो, नाहीतर मळ्यातून भाटल्याकडे जाणारा. दयानंद बांदोडकर मार्गावर, कांपालपासून पुढे, पंचेचाळीस-पन्नास. माझा धाकटा भाऊ म्हणतो, तुझ्यासारखेच लोक अपघात घडवतात. मागे रांग लागते, कोणीतरी वैतागून डावीकडून घुसतो आणि आपटतो. शहरात पन्नास म्हणजे अगदी साधा वेग, कायद्याला तर त्याहून जास्त चालतो, असं त्याचं म्हणणं.

माझं मत असं की आकड्यापेक्षा रस्त्यावर कोण कोण आहे ते बघून वेग ठरवावा. फुटपाथवर स्कूटर लावलेल्या, त्यामुळे माणसं डांबरावरून चालतायत, उभ्या गाड्यांच्या फटीतून कोणी बाहेर येईल याचा नेम नाही. अशा ठिकाणी तीससुद्धा कधी कधी जास्त होतात. पण मागचा हॉर्नवरचा हात काढत नाही. तुम्ही काय करता? आणि कायद्यात नेमकं काय आहे, कोणाला ठाऊक आहे का?

वाटसरू_म्हापसा
मी आरसा फक्त वळताना बघतो. हॉर्नला उत्तर द्यायला मी काय टेलिफोन ऑपरेटर आहे? :-)

नोंदवही
कायद्याचं सांगतो, पुढे वाद घालताना बरं पडेल.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११२. कमाल वेग केंद्र ठरवतं. राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी एखाद्या भागापुरता, एखाद्या रस्त्यापुरता तो कमी करू शकतो, मात्र तिथे फलक हवा. केंद्राची अधिसूचना ६ एप्रिल २०१८ ची. तिच्याप्रमाणे पालिका हद्दीत मोटारीला ७०, दुचाकीला ६०, बस आणि मालवाहू गाड्यांना ६०, तीनचाकीला ५०. वेगमर्यादा मोडली तर कलम १८३. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनाला १००० ते २००० रुपये, मध्यम आणि जड वाहनाला २००० ते ४०००.

म्हणजे कागदावर धाकटे बंधू बरोबर आहेत. पण त्यांनी कलम १८४ वाचावं. धोकादायक रीतीने चालवणे. तिथे आकडा दिलेलाच नाही. ती जागा कशी आहे, तिचा वापर कशासाठी होतो, त्या वेळी तिथे किती रहदारी आहे किंवा असण्याची शक्यता आहे, हे सगळं धरून वेग धोकादायक होता का ते बघायचं. सांतिनेजकर जे म्हणतायत ते जवळपास शब्दश: कायद्यातच आहे. साठने चालवूनही तुम्ही मर्यादेच्या आत आणि १८४ च्या कक्षेत, दोन्ही एकाच वेळी असू शकता.

भाटकार_२
पालिका हद्दीत ७०?? १८ जूनवर सत्तर करून दाखवणाऱ्याला माझ्याकडून फिश थाळी. सकाळी साडेनऊला तिथे सतरा झाले तरी मी देवाला नारळ ठेवतो.

वाटसरू_म्हापसा
पहाटे साडेचारला होतात. फक्त त्या वेळी थाळी मिळत नाही.

पुण्याहून_पर्वरी
मला धाकट्या भावाची बाजू थोडी पटते. मी काही वर्षांपूर्वी पुण्याहून इथे आलो. सगळे ज्या वेगाने चाललेत त्याच वेगाने आपण चाललो तर धोका कमी, असं मी वाचलंय. एकच गाडी तीसने आणि बाकीच्या पन्नासने, तर लोक ओव्हरटेक करणारच. गाड्यांच्या वेगातला फरक जितका जास्त तितका धोका जास्त.

मास्तर_डिचोली
पुण्याहून_पर्वरी, ते हायवेचं शास्त्र आहे. हायवेवर रस्त्यात फक्त गाड्या असतात (असाव्यात!), म्हणून गाडी-गाडीतला फरक महत्त्वाचा. शहरात सगळ्यांत हळू जाणारा म्हणजे पायी चालणारा माणूस. त्याचा वेग ताशी पाच. फरकाचाच हिशेब लावायचा तर तो कमी करायला माणसाला पळवणार की गाडीला आवरणार?

आता सांतिनेजकरांच्या बंधूंसाठी गणित. ताशी तीस म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर, ताशी पन्नास म्हणजे १३.९. समोर काही आलं हे दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत जाग्या, शुद्धीवरच्या माणसालाही दीड सेकंद धरूया. तेवढ्यात तीसवाला साडेबारा मीटर जातो, पन्नासवाला एकवीस. ब्रेक लागल्यावर कोरड्या डांबरावर, बऱ्या टायरवर, तीसवाला पाच मीटरांत थांबतो आणि पन्नासवाला चौदा. बेरीज: साडेसतरा आणि पस्तीस.

अठरा मीटरवर पोरगं चेंडूमागे धावत आलं असं समजा. तीसवाला त्याच्या अलीकडे थांबला. पन्नासवाल्याचा पाय अजून ब्रेकवर पोचलेलाच नाही. म्हणजे तो पुऱ्या पन्नासने धडकतो. चाळीसवाल्याने ब्रेक जेमतेम दाबलाय, तो सदतीसच्या आसपास धडकतो. वर्गात हे फळ्यावर मांडलं की मागच्या बाकावरची पोरं, जी शाळेत स्कूटर लपवून आणतात, तीही दोन मिनिटं गप्प असतात.

ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, वेग दुप्पट तर अंतर चौपट. त्यातून पावसाळा, आणि बाजूच्या बांधकामाची तांबडी माती रस्त्यावर आलेली. पकड अर्धी धरली तर तीसवाल्याला बावीस मीटर लागतात, पन्नासवाल्याला अठ्ठेचाळीस.

कुळागर
मास्तर, _/\_
हे लायसन्सच्या परीक्षेत का विचारत नाहीत? आम्हाला आठ काढायला लावला आणि दिलं लायसन्स.

पोफळी
मी फोंड्याची. स्कूटरवर मागे मुलगी, पुढे दप्तर आणि डबा. मी पस्तीसच्या वर जातच नाही, हॉर्न ऐकून ऐकून कान मेलेत.

एक नियम इथे बऱ्याच जणांना माहीत नसेल. चार वर्षांखालचं मूल दुचाकीवर असेल तर वेग चाळीसच्या वर न्यायचा नाही, मुलाला हेल्मेट आणि चालकाला बांधून ठेवणारा पट्टा हवा. फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. मी तो पट्टा मागवला तेव्हा दुकानदाराने विचारलं, "बाई, हे कुत्र्यासाठी का?"

आमच्याकडे खरा त्रास वेगळाच आहे. पणजी-बेळगाव महामार्ग गावातून जातो. म्हार्दोळ, मंगेशी, फर्मागुडी, कुर्टी. रस्ता हायवेचा, वापर गावाचा. देवळात जाणारी म्हातारी माणसं, शाळा, कॉलेज, फुलंवाल्या, सगळे त्याच डांबरावर. तिथे कुठला आकडा धरायचा?

रुपेरी_वाळू
सगळा दोष त्या काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या भाड्याच्या गाड्यांचा. छत काढलेली जीप घेतात, गाणी लावतात आणि कळंगुटच्या गल्लीत साठ मारतात. आधी त्यांना आवरा, मग आम्हाला तीस शिकवा.

मळेकर
रुपेरी, भाड्याच्या गाड्यांना मी ओवाळत नाही, पण जरा गोमेकॉच्या (बांबोळीचं सरकारी गोवा मेडिकल कॉलेज) कॅज्युअल्टीत एक रात्र बसून या. माझी बहीण तिथे नर्स आहे. तिच्याकडे येतात ते बहुतेक आपलेच. दुचाकीवाले, घरापासून दोन-तीन किलोमीटरवर पडलेले, हेल्मेट हँडलला अडकवलेलं. गोव्यात अलीकडच्या वर्षांत रस्त्यावर अडीचशेच्या वर माणसं दरवर्षी जातात आणि त्यांत निम्म्याहून जास्त दुचाकीवाले असतात. सगळ्यांना पर्यटकांनी उडवलेलं नाही.

रुपेरी_वाळू
सगळ्यांना म्हटलं नव्हतं. पण बरं, बहिणीचं पटलं. आमच्या वाड्यावरचेही दोघे असेच गेले, सरळ रस्त्यावर, कोणाचाही धक्का न लागता. त्यांच्या घरचे अजून खड्ड्याला दोष देतात.

मामाची_बस
मी बसवाल्यांची बाजू मांडतो, शिव्या खाण्याची तयारी आहे.

माझ्या मामाची फोंडा-पणजी लाइनवर बस होती. मी सुट्टीत तिकिटं फाडली आहेत. लोक म्हणतात खाजगी बसवाले रेस लावतात. लावतात. पण का? मागच्या बसमध्ये आणि आमच्यात चार-पाच मिनिटांचं अंतर. मागची बस पुढे गेली की पुढच्या स्टॉपचं पब्लिक तिचं. आमच्या बसवर ड्रायव्हर-कंडक्टरला दिवसाच्या गल्ल्यावर पैसे मिळायचे, पगार नावापुरता. मग आधी स्टॉपवर रेंगाळायचं, भरून घ्यायचं, मागची दिसली की पळवायचं. पुन्हा पुढच्या स्टॉपवर रेंगाळायचं. तुम्हाला आत बसून वाटतं हा माणूस वेडा आहे, एक तर हलत नाही, नाहीतर उडतो. वेड नव्हतं, हिशेब होता. कदंबचा, म्हणजे सरकारी बसचा, ड्रायव्हर पगारी, त्याला दहा माणसं कमी चढली तर घरी चूल पेटायची राहत नाही.

म्हणून फक्त वेगाचा आकडा लावून बस हळू होणार नाहीत. पैसे द्यायची पद्धत बदलली तर होतील.

कुळागर
पहिल्यांदा कोणीतरी हे नीट सांगितलं. मी रोज शिव्या देत होतो, आता देताना जरा थांबेन. देईन, पण थांबून.

पायलट_पात्राव
मी पिवळ्या मडगार्डवाला, मोटारसायकल पायलट, म्हणजे दुचाकी टॅक्सीवाला. आयुष्य गेलं पाटोला उभं राहून. गिऱ्हाईक बसतानाच म्हणतं "बाबा, जरा वेगान घे, ऑफिसात पोचपाचें आसा." मी हो म्हणतो आणि माझ्याच चालीने नेतो. चाळीसच्या वर शहरात न्यायचं नाही हे ठरवलंय, आणि वेळेवर पोचवतो, कारण कुठे सिग्नल कधी सुटतो, शाळा कधी सुटते, कुठल्या बोळातून निघालं की गर्दी चुकते, हे ठाऊक असतं. पळवून वेळ वाचत नाही, वाट माहीत असली की वाचतो.

जोरात जाणारा पोरगा मला कांपालला मागे टाकतो आणि मिरामार सर्कलला माझ्याच बाजूला उभा असतो. त्याला बघून मी हसतो. तो हसत नाही.

मास्तर_डिचोली
पात्रावांना गणिताचा दुजोरा. मिरामार ते कदंब स्थानक चार किलोमीटर धरा. कुठेही न थांबता तीसने आठ मिनिटं, पन्नासने पावणेपाच. फरक सव्वातीन मिनिटं, तोही रस्ता रिकामा असला तर. दोन सिग्नल आणि एक पार्किंग काढणारी गाडी मध्ये आली की त्यातलं फारसं काही उरत नाही.

निळी_शाई
थोडं अवांतर, पण राहवत नाही. पोर्तुगालने १९२८ मध्ये रहदारी डावीकडून उजवीकडे नेली. गोवा मात्र डावीकडेच राहिला, कारण शेजारी ब्रिटिश हिंदुस्थान डावीकडे चालत होता. नाहीतर पत्रादेवीला सीमा ओलांडताना गाडीची बाजू बदलावी लागली असती!

आणि आपले रस्ते बघा. पणजी-रायबंदरचा लिन्हारिसचा सेतू १६३४ च्या सुमाराचा. तीन किलोमीटरच्या वर सरळ, अरुंद, दोन्ही बाजूंना मिठागरं आणि पाणी. ज्यांनी बांधला त्यांच्यापुढे बैलगाड्या आणि पालख्या होत्या. आज तिथे संध्याकाळी बुलेटवाले कान फाडत जातात.

भाटकार_२
पालखीलाही ओव्हरटेक करणारे असतील त्या काळी. आतला पात्रांव (धनी) घाईत, भोई दमलेले.

सत्तरीचा_वारा
पणजीकरांची चर्चा चालू दे, आमचाही एक वेग नोंदवा. पावसाळ्यात रात्री गुरं डांबरावर बसतात, बाकी सगळीकडे चिखल म्हणून. काळी म्हैस, काळा रस्ता, समोरच्याचा हाय बीम डोळ्यांत. वाळपईला तेव्हा वीसनेच जावं लागतं. ज्याने पन्नास केले त्याच्या गाडीचं बॉनेट आम्ही बघितलंय. म्हशीचंही.

पोफळी
शहरातही बसतात गुरं. कुर्टीला येऊन बघा.

इंजिनीअर_कुडचडे
रस्त्याच्या कामात आयुष्य गेलं म्हणून जरा लांबण लावतो.

पाटीने वेग कमी होत नाही. माणूस रस्ता बघून वेग धरतो. रुंद, सरळ, मोकळा रस्ता दिला आणि त्यावर '४०' लिहिलं तर तो साठनेच जाणार, कारण रस्ताच त्याला साठ सांगतोय. आपल्याकडे रुंदीकरण झालं की लोक खूश, आणि सहा महिन्यांनी तिथेच गतिरोधक मागायला येतात. आधी पैसे खर्चून वेग वाढवायचा, मग पैसे खर्चून तो अडवायचा.

दुसरी गोष्ट, हायवेवरून उतरलेला ड्रायव्हर. महामार्ग ६६ वर अर्धा तास नव्वदने आलेला माणूस म्हापशात शिरतो तेव्हा साठ त्याला रांगल्यासारखे वाटतात. तो खोटं बोलत नाही, डोळ्याला सवयच तशी होते. म्हणून शहराच्या तोंडाशीच रस्त्याचा आकार बदलायला हवा. सर्कल, निमुळता होणारा रस्ता, दुतर्फा झाडं, काहीतरी, ज्याने 'आता गाव आलं' हे कळेल.

गतिरोधकाबद्दल: भारतीय रस्ते महासभेच्या मानकात जो गोलाई असलेला उंचवटा आहे तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, ताशी २५ ने आरामात ओलांडता येईल असा. आपल्याकडे दिसतो तो हातभर रुंद, वीतभर उंच, डांबराचा ढीग, रंग नाही, पाटी नाही. कार खालून घासते, स्कूटरवर मागे बसलेली बाई उडते, रुग्णवाहिका थांबते, आणि मोठ्या टायरचा टिप्पर न अडखळता जातो. ज्याला अडवायचं तोच सुटतो. वर माणसं तो चुकवायला कडेच्या मातीतून दुचाकी घालतात.

खरं काम करतो तो उंच केलेला क्रॉसिंग. फुटपाथच्याच पातळीला रस्ता आणायचा, दोन्ही बाजूंनी उतार. गाडीला चढावं लागतं, माणसाला उतरावं लागत नाही. आणि कोपऱ्याची गोलाई कमी करायची, म्हणजे वळताना गाडी आपोआप हळू होते. खर्च रुंदीकरणाच्या मानाने किरकोळ.

मळेकर
आणि रंबलर, त्या रस्त्यावरच्या आडव्या जाड पट्ट्या? आमच्या घरासमोर घातलेत. दिवसभर घर्र घर्र. आजी म्हणते दात हलतात, आणि तिला दात नाहीत.

इंजिनीअर_कुडचडे
:-) रंबलर जागं करायला असतात, थांबवायला नाही. वस्तीत घालायची वस्तूच नव्हे ती.

पुण्याहून_पर्वरी
तीस हा आकडा आला कुठून पण? सांतिनेजकरांना सोयीचा म्हणून?

निळी_शाई
आकडा जुना आहे. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराने १९९२ मध्येच मुख्य रस्ते सोडून बाकी सगळ्या शहराला तीस लावले. पॅरिसने २०२१ मध्ये जवळजवळ सगळीकडे. फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात असं आहे की जिथे पायी, सायकलवर जाणारी माणसं आणि गाड्या एकाच रस्त्यावर वारंवार येतात तिथे कमाल तीस ठेवा. जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. तिचंच आणखी एक: सरासरी वेग १ टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका ४ टक्के वाढतो. हेलसिंकीत अर्ध्याहून जास्त रस्त्यांना तीसची मर्यादा आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात बातमी आली की तिथे सलग वर्षभर रहदारीत एकही माणूस मेला नाही.

रुपेरी_वाळू
हेलसिंकीत ट्राम आहे, फुटपाथ आहे, कॅमेरा आहे. तिथे सकाळी साडेसहाला पोदेर सायकलवर पाव घेऊन आडवा येत नाही.

पोफळी
रुपेरी, म्हणजे पोदेर येतो म्हणून आपण जास्त जोरात जायचं? ज्यांच्याकडे फुटपाथ आहे ते तीसने जातात, आणि आपल्याकडे नाही म्हणून पन्नास?

रुपेरी_वाळू
...बरं बाई. हा गोल तुमचा.

धाकटा_पण_खरा
नमस्कार. मी तो भाऊ. मित्राने लिंक पाठवली. माझ्याबद्दल एवढी चर्चा चालू आहे आणि मलाच पत्ता नाही.

मास्तर, गणित वाचलं. अठरा मीटरवाला मुद्दा मान्य, त्यावर वाद नाही. १८ जून, मळा, सांतिनेज, तिथे तीस ठीक. पण दादाने अर्धीच गोष्ट सांगितली. बांदोडकर मार्गावर पंचेचाळीस-पन्नास म्हणतो ना? तिथेही तो पस्तीसनेच चालवतो, आणि दुभाजकाला चिकटून, उजव्या लेनमध्ये. डावी लेन रिकामी. मागचे हॉर्न मारतात ते त्याला. आणि डावीकडून ओव्हरटेक करतात, कारण उजवीकडे जागाच ठेवत नाही. आता बोला.

वाटसरू_म्हापसा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

सांतिनेजकर
डाव्या लेनमध्ये कांपालला गाड्या उभ्या असतात. आणि मला पुढे उजवीकडे वळायचं असतं.

धाकटा_पण_खरा
वळायचं असतं मिरामारला. लेन धरतो जुन्या सचिवालयापासून.

भाटकार_२
हाहाहा! हा धागा वाचनखुणेत टाकला.

मास्तर_डिचोली
यात धाकट्यांचा मुद्दा खरा आहे, थट्टा बाजूला. हळू जायचं तर डावी बाजू धरायची, हा नियमच आहे, आणि मागच्याला वाट द्यायची. मघाशी वेगातल्या फरकाचं मी हायवेवर ढकललं होतं, ते दुभाजक असलेल्या रुंद रस्त्यालाही थोडं लागू पडतं. पण 'हळू चालवणारा अपघात घडवतो' हे तरीही पटत नाही. वैतागून डावीकडून घुसणारा माणूस स्वत: घुसतो. त्याला कोणी ढकलत नाही.

मामाची_बस
मास्तर, सहमत, पण वैताग हीसुद्धा रस्त्यावरची वस्तू आहे, खड्ड्यासारखी. आहे हे धरूनच चालवावं लागतं. मामा नव्या ड्रायव्हरला सांगायचा, मागे घाईतला दिसला की डावीकडे दाब, जाऊ दे त्याला मरायला, आपल्या अंगावर नको.

पायलट_पात्राव
मामा शाणो मनीस.

पुण्याहून_पर्वरी
माझं मत थोडं बदललंय, नोंद करतो. पर्वरीला सध्या उड्डाणपुलाचं काम चालू आहे, त्यामुळे सगळेच वीसने जातात. गैरसोय आहे, धूळ आहे, पण रस्ता ओलांडताना पहिल्यांदाच मला भीती वाटली नाही. पूल झाल्यावर खालचा रस्ता मोकळा होईल आणि पुन्हा सगळे साठने सुटतील, याची आता काळजी वाटते.

इंजिनीअर_कुडचडे
अगदी तेव्हाच मागणी करायची असते. खालचा रस्ता पुन्हा आखला जाईल तेव्हा क्रॉसिंग कुठे, किती उंच, हे विचारा. डांबर पडल्यावर कोणी ऐकत नाही.

पोफळी
मूळ प्रश्नावर येते, कारण मला खरंच उपयोग करायचाय. मुलीच्या शाळेसमोर तीसची मर्यादा हवी आहे. ग्रामसभेत विषय घेतला होता. पंचायत म्हणते रस्ता आमचा नाही. शाळा म्हणते आमचं काम गेटच्या आत. अर्ज नेमका कोणाकडे करायचा? नोंदवही, आहात का?

नोंदवही
आहे. वेगमर्यादा, पार्किंगबंदी, एकदिशा मार्ग यांच्या अधिसूचना गोव्यात जिल्हा दंडाधिकारी काढतात, म्हणजे जिल्हाधिकारी. तुम्ही फोंड्याच्या, तुमचं कार्यालय कुठलं ते मामलेदाराकडे विचारून घ्या. अर्जाची प्रत वाहतूक पोलिसांना आणि रस्ता ज्या खात्याचा त्याला. अर्जात 'शाळेसमोर वेग जास्त आहे' एवढंच लिहू नका. कुठून कुठपर्यंत ते खुणेसकट लिहा (अमुक देवळापासून अमुक पुलापर्यंत), शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळा लिहा, किती मुलं पायी ओलांडतात ते मोजून लिहा, फोटो जोडा. ग्रामसभेच्या ठरावाची प्रत असेल तर उत्तम, रस्ता त्यांचा नसला तरी ठराव करता येतो. शाळेचं पत्र मिळालं तर बघा. आणि नुसती पाटी मागू नका, पाटीबरोबर क्रॉसिंग मागा, इंजिनीअरसाहेबांनी सांगितलंय तसं.

इंजिनीअर_कुडचडे
हायवेवर असेल तर उंच क्रॉसिंग सहजी देणार नाहीत, आधीच सांगतो. तिथे सिग्नल किंवा मध्ये थांबायला जागा मागा, म्हणजे मुलं अर्धा अर्धा रस्ता ओलांडतील. जागेचा नकाशा हाताने काढून व्यक्तिगत निरोपात पाठवा, कुठे काय बसेल ते आखून देतो.

पोफळी
पाठवते. शाळेसमोरचा हायवे नाही, आतला रस्ता आहे, बायपास म्हणून वापरतात सगळे. सोमवारी मुलं मोजायला उभी राहते, कोणी फोंड्याचं असेल तर या सोबतीला. सकाळी सातच्या आत.

धाकटा_पण_खरा
मी कुर्टीला कामाला येतो. सोमवारी सातला आहे मी. दादालाही आणतो, पण गाडी मी चालवणार, नाहीतर आठ वाजतील.

सांतिनेजकर
खोर्लीपर्यंत तू चालव. बाणस्तारीच्या पुलापासून पुढे मी.